लोणारच्या काठाकाठाने

लोणारला येणारे बहुतेक प्रवासी विवराच्या ओठावर उभे राहून खालच्या हिरव्या पाण्याकडे एकवार पाहतात, छायाचित्रे काढतात, उल्का केवढी होती आणि केव्हा पडली याविषयी बरोबरच्या मुलाबाळांना चार ठोकळ आकडे सांगतात, आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा मोटारीत बसून शेगावच्या किंवा वेरूळच्या रस्त्याला लागतात. पहिल्या खेपेस मीही असाच उभ्याउभ्या येऊन गेलो होतो, आणि घरी आल्यावर लोणार कसे आहे असे कोणी विचारले तर ‘मोठा खड्डा आहे आणि त्यात पाणी आहे’ यापलीकडे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. पुढे कित्येक वर्षांनी एका डिसेंबरात तीन दिवसांचा मुक्काम ठोकून, गावातील एका निवृत्त मास्तरांना सोबतीला घेऊन हा सारा परिसर पायी हिंडलो, तेव्हा ध्यानात आले की हे सरोवर डोळ्यांपेक्षा जिभेने आणि बोटांच्या टोकांनी ओळखायचे आहे. आणि त्यासाठी फार पराक्रम करावा लागतो असेही नाही, सकाळी लवकर उठण्याची तयारी आणि धडके पायताण एवढ्यावर भागते.

लोणार हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण कडेला, मराठवाड्याच्या हद्दीला जवळजवळ खेटून वसलेले तालुक्याचे गाव आहे. जालन्याकडून येणाऱ्याला वाटेत सिंदखेडराजा लागते. जिजाऊंचे जन्मस्थान आणि लखुजी जाधवांची समाधी पाहिल्यावाचून तेथून पुढे सरकू नये, मग लोणारला पोहोचायला सायंकाळ झाली तरी चालेल. उलट मी तर म्हणेन की सायंकाळीच पोहोचावे, म्हणजे त्या दिवशी सरोवर पाहण्याचा मोह आपोआप आवरला जातो आणि दुसऱ्या दिवसाचा प्रारंभ योग्य ठिकाणी, म्हणजे गावात, करता येतो.

गावातील दैत्यसूदनाचे देऊळ पाहून मग गोमुखाकडे जावे, असा मास्तरांचा दंडक होता, आणि पाहुण्याने तो मोडलेला त्यांना खपत नसे. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचे, तारकाकृती तलविन्यासाचे हे काळ्या पाषाणाचे मंदिर भर वस्तीत उभे आहे. भिंतींवरील शिल्पे पाहता पाहता मान दुखून येते, आणि मंडपाच्या छतावर कोरलेले पौराणिक प्रसंग पाहण्यासाठी ती आणखी मागे टाकावी लागते. सरोवराचे पुराण या देवळाच्या नावातच सामावलेले आहे. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या गुहेत राहून प्रजेला छळत असे. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने येऊन पायाच्या अंगठ्याने त्या गुहेचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. झाकण दूर जाऊन पडले ती नैर्ऋत्येकडची टेकडी, आणि उघडी राहिली ती गुहा म्हणजे हे सरोवर. पाणी हे त्या दैत्याचे रक्त आणि पाण्यातला क्षार हे त्याचे मांस. ही कथा ऐकताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. आजच्या शास्त्रज्ञाला आणि प्रवाशाला कोडे पडते ते खड्ड्याचे. कथा रचणाऱ्याला मात्र खड्ड्याइतकेच, किंबहुना अधिकच, कोडे पडले होते ते चवीचे. गावाच्या चहूअंगांनी गोड्या पाण्याचे झरे वाहत असताना हे एवढे पाणी खारट का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याने दैत्याचे नावच ‘लवण’ ठेवून दिले.

देवळापासून रमतगमत निघाले तरी थोड्याच वेळात आपण विवराच्या ईशान्य कडेवरील धारेपाशी येतो. गाव हिला नुसते ‘धार’ म्हणते, पाहुणे ‘गोमुख’ म्हणतात. खडकातून बारमाही निघालेले पाणी दगडी मुखातून कुंडात कोसळते, पलीकडे देवळांचा पुंजका आहे, आणि पहाटेपासून तेथे स्नान करणाऱ्यांची, घागरी भरणाऱ्यांची आणि नुसतेच पायऱ्यांवर बसून राहणाऱ्यांची वर्दळ असते. जवळच सीता न्हाणी नावाचा आणखी एक झरा आहे. मी ओंजळभर पाणी प्यालो. ते निर्मळ, थंड आणि विहिरीच्या पाण्यासारखेच गोड होते. भोवतालच्या काळ्या रानात मुरलेले पावसाचे पाणी बेसाल्टाच्या थरांतील सांधे आणि भेगा धरून येते आणि विवराच्या भिंतीने ते थर कापलेले असल्यामुळे येथे उघड्यावर पडते, एवढे साधे त्याचे कारण आहे. ही चव मात्र लक्षात ठेवा, असे मास्तरांनी मला बजावले. पुढे हिशेब द्यावा लागणार होता.

दुसरी वाट विवराच्या काठावरची. सपाट मुलखातून येणाऱ्याला हा काठ आधी लहानशा टेकाडासारखा दिसतो, कारण आघाताने उसळलेली माती आणि खडक भोवती येऊन पडल्यामुळे कडा सभोवारच्या जमिनीपेक्षा २०-३० मीटर उंच झाली आहे. टेकाड चढून वर यावे आणि पायांखालची भूमी एकाएकी संपावी, असा तो प्रकार आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे शाळेत शिकलेल्या हिशेबाने परीघ साडेपाच-पावणेसहा किलोमीटर; पण वाट सरळ परिघावरून जात नाही, कधी शेताच्या बांधाने, कधी काटेरी झुडपांना वळसा घालून जाते, तेव्हा अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत. चढउतार नगण्य आहे. उन्हाचा ताप मात्र आहे, आणि सावलीसाठी तगादा लावण्याजोगे झाड जवळपास असेलच असे नाही, म्हणून ही फेरी पहाटेची किंवा कलत्या उन्हाची.

काठावरून चालताना विवराची भिंत तिच्या थरांसकट दिसते. दख्खनच्या लाव्ह्याचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर एकावर एक रचलेले, आणि काठाजवळ तेच थर बाहेरच्या बाजूला वाकून उलथलेले. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ विद्वानांचा कल ते ज्वालामुखीचे मुख किंवा खचलेली भूमी मानण्याकडे होता, आणि लाव्ह्याच्या पठारावरील खड्डा पाहून दुसरे काही सुचावे तरी कसे? १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील विवराशी याचे साम्य दाखवले. आघाताचा निर्णायक पुरावा यायला १९७३ उजाडले. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी विवरातील खडकांचे नमुने तपासून त्यांत मॅस्केलिनाइट दाखवले. खडकातील फेल्डस्पार स्फटिकाची प्रचंड दाबाच्या तडाख्याने होणारी ही काच ज्वालामुखीच्या नेहमीच्या उष्णतेने तयार होत नाही. तेव्हापासून लोणारचा उल्काघात सर्वमान्य झाला. वयाचा वाद मात्र राहिलाच. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे निघाले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते ५,७०,००० वर्षांच्या आसपास नेऊन ठेवले. गावच्या पाटीवर पहिलाच आकडा अजून दिमाखाने मिरवतो. मास्तर यावर म्हणाले, “आमचं काय, आमच्या आजोबांच्या आधीचं सगळं एकाच वयाचं.”

काठाच्या बाहेर, उत्तरेकडे, अंबर तळे नावाचा लहान खळगा आहे. मूळ उल्केचा फुटून आलेला तुकडा तेथे पडला असे काहींचे मत आहे, इतरांना ते मान्य नाही. शेजारी मोठा मारुती. हा मारुती पहुडलेला आहे, आणि त्याची शिळा चुंबकीय असून तीपाशी होकायंत्र चळते, असे तेथे प्रत्येकजण सांगतो. मी होकायंत्र नेले नव्हते, आणि नेले असते तरी देवापुढे ते बाहेर काढण्याचे धैर्य मला झाले नसते. दगड चुंबकीय असला तरी त्यासाठी आकाशापर्यंत जायचे कारण नाही. बेसाल्टात लोहखनिज मुबलक असते.

परंतु ज्याला एकाच फेरीपुरता वेळ आहे त्याने काठ सोडून द्यावा आणि खाली उतरावे. सरोवराचे क्षेत्र २००० साली वन्यजीव अभयारण्य झाले. पावणेचार चौरस किलोमीटरांच्या आतबाहेरचे हे अभयारण्य इतके चिमुकले आहे की त्याची सारी सीमा एकाच जागेवरून नजरेत येते. २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरच्या पाठोपाठ महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. वन खात्याच्या चौकीवर दाखल होऊन, तेथील रखवालदाराला पाण्याच्या काठावरची वाट मोकळी आहे का हे आधी विचारून घ्यावे. पाऊसकाळ मोठा झाला की पाणी चढते, खालची पायवाट बुडते आणि मग पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट धरणे वेडेपणाचे ठरते. आत बिबट्या आहे, तरस आहे, म्हणून एकट्याने आणि अंधारात जाऊ नये. उतार सव्वाशे-दीडशे मीटरांचा आहे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्याने काठी घ्यावी. एकदा तळाला पोहोचल्यावर मात्र लहान मुलालाही चालता येईल अशी सपाट वाट आहे.

आम्ही धारेच्या बाजूने उतरलो. धारेचे पाणी आपल्याबरोबर खाली येते. त्यानेच ईशान्येकडील भिंत कापून घळ पाडली आहे आणि खाली गाळाचा पंखा पसरला आहे. वाटेत कुमारेश्वराचे देऊळ आणि आणखी एकदोन मोडकी देवळे. पिंपळाच्या मुळ्यांनी त्यांच्या शिळा अशा धरून ठेवल्या आहेत की झाड काढले तर देऊळ पडेल आणि देऊळ काढले तर झाड. वानरांची टोळी आमच्या शिदोरीकडे सावकारी नजरेने पाहत समांतर उतरत होती. डिसेंबरचा सूर्य वर गावात केव्हाच आला होता, पण खाली अद्याप पहाट होती. सावलीची कडा पाण्यावरून अतिशय सावकाश मागे सरकत होती. मोरांचा आवाज एका भिंतीवरून निघून दुसऱ्या भिंतीला लागे आणि परत येई, त्यामुळे मोर नेमका कोठे आहे हे तो समोर येईपर्यंत कळत नसे.

ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात या तळाच्या वनस्पतींचे वर्णन एकात एक कड्यांसारखे केलेले आहे: उतारावर मिश्र जंगल, मग चिंचेसारख्या मोठ्या झाडांचा पट्टा, त्याच्या आत बाभळी, आणि बाभळीच्या आत काहीच न उगवणारा उघडा चिखल. आज या कड्यांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. बाहेरून आलेली वेडी बाभूळ जागोजागी शिरली आहे आणि जुन्या झाडांची जागा अडवून बसली आहे. तरीही चालताना क्रम कळतो. सीताफळ, साग, कडुनिंब यांच्या सावलीतून आपण चिंचांत येतो, चिंचांतून काट्यांत, आणि काट्यांतून एकाएकी पांढुरक्या, भेगाळलेल्या, उघड्या जमिनीवर. पायांखालची माती वनस्पतींच्या तोंडून आपली चव सांगत असते. जो जितका क्षार सोसू शकतो तितकाच पाण्याच्या जवळ जातो.

या शेवटच्या गोड्या टप्प्यावर रामगयेचे देऊळ आहे. देवळाजवळचे पाणी गोडे, आणि तेथून काही पावलांवर सरोवर. कुजक्या अंड्यासारखा एक दर्प येतो, पण नाकाला तो लौकरच सवयीचा होतो. मास्तरांनी मला काठाशी नेऊन दोन बोटे बुडवायला लावली. पाणी बोटांना निसरडे, साबण लावल्यासारखे लागते. त्याचा सामू साडेदहाच्या आसपास आहे; त्वचेवरील तेलकटपणाचा ते खरोखरच साबण करते. जिभेच्या टोकाला लावले तर मिठाचा खारटपणा येतो आणि त्यामागून पापडखाराची तुरट, चरचरीत चव. हे केवळ समुद्रासारखे खारे पाणी नव्हे. यात मीठ आहे तसाच सोडाही आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या पापडखाराचाच हा थोरला भाऊ.

आता हिशेब. धारेचे, सीता न्हाणीचे, रामगयेचे गोड पाणी, शिवाय पावसाळ्यात भिंतींवरून येणारे, असे सारे पाणी आत येते. बाहेर जायला ओढा नाही, ओहोळ नाही. एकच वाट उरते ती उन्हाची. वाफ वर जाते, क्षार मागे राहतो. झऱ्याचे गोड पाणीही खडकातून येताना फेल्डस्पार झिजवून थोडे सोडियम बरोबर आणतेच. जिभेला ते कळत नाही इतके अल्प असते. आटता आटता चुना आधीच तळाशी बसतो आणि सोडा पाण्यात साचत जातो. सहस्रावधी वर्षे हा एकतर्फी जमाखर्च चालू आहे. जमेच्या बाजूला गोड, शिलकेच्या बाजूला खारट. वरच्या धारेचे पाणी आणि हे पाणी यांत काळाखेरीज फारसे अंतर नाही.

राज्यकर्त्यांनी या शिलकेवर हक्क सांगितला नसता तरच नवल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज़लने ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची दखल घेतली आहे. येथे काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते आणि त्यातून सरकारात महसूल जमा होतो, असा त्याचा आशय आहे. मेहकर हे तेव्हा ‘सरकार’चे, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचे, ठिकाण होते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की चिखलावर आणि उथळ पाण्यात क्षाराचे खडे व पापुद्रे धरत. माणसे त्यात उतरून ते गोळा करीत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची प्रतवारी होती. पुढे कारखान्यातला सोडा स्वस्त झाला आणि हा धंदा बसला. मास्तरांना या शब्दांपैकी दोनच ठाऊक होते, तेही त्यांच्या आजीच्या तोंडचे.

पाण्यात मासा नाही, पण त्यास निर्जीव म्हणता येणार नाही. सूक्ष्म नीलहरित शैवालांनी ते हिरवे झाले आहे. स्पिरुलिना म्हणून आज जे बाटलीत भरून विकतात ते येथे वाटेल तितके तरंगत असते. काठच्या चिखलावर लहान माश्यांचे थवे, आणि त्यांच्या पाठी पक्षी. शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांवर हिंडत होते, धोबी शेपटी हलवीत पुढे पुढे पळत होता, टिबुकल्या बुड्या मारीत होत्या, आणि मध्यावर चक्रवाकांची एक जोडी स्थिर होती. रोहित पक्षीही कधीकधी हिवाळ्यात येतात. आमच्या नशिबी ते नव्हते. एका शेकाट्याने धारेच्या ओहोळाच्या तोंडाशी, जेथे गोड पाणी खाऱ्यात मिसळते तेथे, बराच वेळ मुक्काम केला. इतर ठिकाणचा किनारा मोकळा असताना बहुतेक पाखरे अशा तोंडांपाशीच का गोळा होतात हे मग मला समजले.

२०२०च्या जूनमध्ये, सारा देश घरात बसलेला असताना, हे हिरवे पाणी गुलाबी झाले. दैत्याचे रक्त पुन्हा वर आले, असे कोणी म्हटले नसेल तरच आश्चर्य. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण सांगितले: उन्हाळ्याने पाणी घटले, क्षारता वाढली, आणि अतिखाऱ्या पाण्यातच फोफावणारे, अंगी गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बळावले. पाऊस पडून पाणी पातळ झाले तसा तो रंग ओसरला. मास्तरांनी तो रंग काठावरूनच पाहिला होता. “गुलालाचं पाणी म्हणा ना,” ते म्हणाले, “पण खेळणार कोण त्यात?”

काठाने चालत आपण कमळजा देवीच्या देवळाशी येतो. देवळे पुष्कळ आहेत, वाघ महादेव, मोर महादेव अशी त्यांची नावेही मोठी गोड आहेत. पण त्यांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण त्यांतली बरीचशी झाडीत इतकी बुडालेली आहेत की ती सापडतील तेव्हा पाहावीत. कमळजा मात्र नांदती आहे. नवरात्रात येथे जत्रा भरते आणि एरवी शुकशुकाट असलेल्या वाटेवर माणसांची रीघ लागते. देवळाच्या पुढ्यात, सरोवराच्या बाजूला, सासू-सुनेची विहीर आहे. पाणी चढलेले असेल तर ती दिसत नाही. एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट, अशी तिची ख्याती. सुदैवाने विहीर उघडी होती. देवीला आलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले, “मावशी, यातली सासू कोणती नि सून कोणती?” त्या म्हणाल्या, “खारी हाय थे सासू. उलटं कोनी सांगतलं तं थो मानूस नक्की कोनाची तरी सासूच असन.” देवळाच्या अंगाने झिरपणारे गोड पाणी आणि सरोवराच्या अंगाने झिरपणारे खारे पाणी यांची ही वेस आहे, आणि पावसाप्रमाणे ती मागेपुढे होत असणार. सासूचे राज्य कोणत्या ऋतूत वाढते हे विचारायचे माझ्या मनात आले होते, परंतु बाई उत्तराने मला गप्प करण्यास समर्थ दिसल्या.

संपूर्ण काठ चालायला आम्हांला चार तास लागले. गणिताने सरोवराचा घेर चार किलोमीटरही भरत नाही, पण चिखल चुकवीत आणि झाडीत शिरत चालताना तो वाढतो. मऊ दिसणाऱ्या पांढऱ्या चिखलावर पाय टाकू नये, तो घोट्यापर्यंत ओढून घेतो. माझा एक बूट त्याने घेतलाच होता. येथला दगडही उचलून आणू नये, मग तो कितीही काळा आणि काचेसारखा चमकणारा असो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पाणी आणि खाणे आपले आपण न्यावे, आणि कागद, पिशव्या परत आणाव्यात, कारण या वाडग्यातून ओहोळसुद्धा बाहेर जात नाही, तेथे टाकलेली वस्तू कोठे जाणार?

परतीचा चढ सकाळच्या उताराच्या दुप्पट लांब वाटतो. दुपारी दोनच्या सुमारास धारेशी पोहोचलो तेव्हा बोटांवरचा बुळबुळीतपणा अजून गेला नव्हता आणि बुटांवर चिखल वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मी धारेखाली हात धरले आणि बराच वेळ चोळत राहिलो. घागर भरायला आलेली एक मुलगी आपली पाळी थांबवून माझ्याकडे पाहत होती.

“खाली जाऊन आले काय, काका?” तिने विचारले.

“कशावरून ओळखलंस?”

“खालून आलेले लोक असेच हात धुतात,” ती म्हणाली, आणि मी बाजूला होताच तिने घागर धारेखाली लावली.